नोंद धरणारा आणि प्रमाणित करणारा

शासकीय कचेरीत एखादी संगणकप्रणाली सुरक्षित आहे असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा त्याचा अर्थ बहुधा एवढाच असतो की, ती सुरक्षित असल्याबद्दलचा एक कागद संबंधित नस्तीत पत्रव्यवहाराच्या बाजूस पृष्ठक्रमांक घालून लावलेला आहे. व्यवहारात या कागदाला ‘सेफ टू होस्ट’ म्हणतात. सर्ट-इन या केंद्र शासनाच्या संस्थेने ज्या लेखापरीक्षक कंपन्यांना आपल्या सूचीवर घेतले आहे, त्यांच्यापैकी एखादी प्रणालीची परीक्षा घेते, आढळलेली छिद्रे कळविते, ती बुजविल्यावर पुन्हा पाहते आणि मग प्रमाणपत्र देते. ते हाती पडल्यावाचून डेटा सेंटरचे लोक प्रणाली चढवू देत नाहीत. व्यवस्था मुळात चांगली आहे, आणि ती नव्हती त्या काळी काय काय चालत असे हे ज्यांनी पाहिले आहे ते तिची थट्टा करणार नाहीत. परंतु अशा प्रमाणपत्राच्या तळाशी बहुधा एक वाक्य असते, की कोडमध्ये बदल होईपर्यंत किंवा एक वर्षापर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवरच हे ग्राह्य समजावे. वर्षाची मुदत सर्वांच्या ध्यानात राहते, कारण ती संपत आली की तगाद्याचे पत्र येते. पहिली अट मात्र, ज्या कार्यक्रमात मी काम केले तेथे, प्रमाणपत्राची शाई वाळण्यापूर्वीच मोडली जाई आणि तिची दखल घेण्याचे कोणाच्या मनातही येत नसे.

हा कार्यक्रम राज्य शासनाच्या एका विभागाचा होता. उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर अशा ज्या कागदांवाचून आपल्याकडे विद्यार्थ्याला महाविद्यालयाची पायरी चढता येत नाही, ते कागद महसूल कचेऱ्यांतून संगणकावर तयार करून देणे हे त्याचे काम. प्रणाली एका खासगी कंपनीने बांधलेली, सर्व्हर शासनाचे, आणि मी त्या दोहोंच्या मध्ये विभागाच्या वतीने तांत्रिक सल्लागार. सल्लागाराच्या पदाला हुकूम देण्याचा अधिकार नसतो, पण कोणत्याही खोलीत जाऊन बसण्याची मुभा असते, आणि ही मुभा अधिकाराहून अधिक उपयोगी पडते असा माझा अनुभव आहे.

मी रुजू झालो तेव्हा प्रणालीत बदल कसा होत असे, ते सांगण्याजोगे आहे. मंत्रालयातून शासन निर्णय निघे. त्यातील नवी अट, नवा रकाना किंवा नवे शुल्क अमुक तारखेपासून लागू झालेच पाहिजे असे ठरे. कंपनीच्या पुण्यातील कचेरीत कोणी एक तरुण आपल्या लॅपटॉपवर तो बदल करी. आणि रात्री, केंद्रे बंद झाल्यावर, रिमोट डेस्कटॉपने थेट चालू सर्व्हरवर शिरून जुन्या फायली बाजूला सारून तेथे नव्या ठेवी. बाजूला सारलेल्या फायलींच्या फोल्डरांना जुने, जुने-2, अंतिम, खरे-अंतिम अशी नावे पडत गेली होती, आणि त्यांतले अंतिम कोणते हे ज्याला ठाऊक होते तो नोकरी सोडून बंगळुरूस गेला होता. लेखापरीक्षकाने तपासलेली प्रणाली निराळी, लॅपटॉपवरची निराळी, सर्व्हरवर चालणारी तिसरीच. आणि नस्तीतले प्रमाणपत्र या तिन्हींचे. कोणी लबाडी करीत होते असे मुळीच नाही. सर्व जण प्रामाणिकपणे, घाईने आणि अपुऱ्या झोपेनिशी काम करीत होते.

डेटाबेसच्या पासवर्डाची कथाही याच मासल्याची. तो कोडमध्येच उघड लिहिलेला होता, आणि प्रणाली सुरू झाल्यापासून कधी बदललेला नव्हता, कारण बदलला तर काय बंद पडेल हे सांगता येत नव्हते. पुढे आम्ही तो बदललाच. कोडमधून काढून निराळ्या बंदिस्त तिजोरीत ठेवला आणि सर्व्हरने गरजेपुरता तेथून मागून घ्यावा अशी व्यवस्था केली. दुसऱ्या दिवशी सकाळी एका जिल्ह्यातून फोन आला की, साहेबांच्या टेबलावर रोज नऊ वाजता येणारा प्रलंबित अर्जांचा गोषवारा आज आला नाही. शोध घेता असे निघाले की, जिल्हाधिकारी कचेरीतल्या एका जुन्या संगणकावर, ज्यावर धूळ बसू नये म्हणून टॉवेल पांघरलेला होता, फार पूर्वी कोणी हौशी माणसाने एक लहानशी स्क्रिप्ट बसवून ठेवली होती. ती रोज पहाटे राज्याच्या मुख्य डेटाबेसमध्ये सर्वाधिकाराने शिरून हा गोषवारा काढी. गोषवारा अचूक असे आणि साहेब त्याच्यावर खूश असत. पण लाखो नागरिकांच्या उत्पन्नाचे तपशील ज्या किल्लीने उघडत, ती किल्ली त्या टॉवेलाखाली होती, आणि विभागातल्या कोणालाही याची वार्ता नव्हती.

या सर्वांविरुद्ध मी टिपण्या लिहिल्या होत्या. त्या वाचल्या गेल्या, त्यांवर ‘पाहिले’ असा शेराही पडला. पण टिपणीने जे होत नाही ते 2021 च्या डिसेंबरात झाले. त्या महिन्याच्या 10 तारखेस, शुक्रवारी, लॉग-फोर-जे नावाच्या एका लायब्ररीतील दोषाची बातमी जगभर पसरली. जावा भाषेत लिहिलेल्या प्रणालींत कोण केव्हा आले, काय केले याची रोजनिशी ठेवण्याचे काम ही लायब्ररी करते. ती फुकट मिळते, उत्तम चालते, म्हणून जगातील असंख्य प्रणालींत तिचा शिरकाव झालेला. आणि दोष असा की, नोंद करावयाच्या मजकुरातच एक विशिष्ट ओळ लिहून पाठविली तर ती ओळ नुसती लिहून न घेता लायब्ररी तिची आज्ञा पाळू लागे. तीव्रतेच्या मोजपट्टीवर त्याला 10 पैकी 10 गुण मिळाले होते. हा दोष 2013 पासून तेथे होता.

सोमवारी सकाळी विभागाच्या सचिवांनी बैठक बोलावून अगदी साधा प्रश्न विचारला: आपल्याकडे हे आहे काय? कंपनीचे प्रकल्प व्यवस्थापक म्हणाले, आम्ही ही लायब्ररी वापरत नाही. हे त्यांच्या समजुतीप्रमाणे खरेच होते, कारण त्यांच्या माणसांनी ती हाताने कधी घेतली नव्हती. पण अहवालांची पीडीएफ काढण्यासाठी जी दुसरी एक लायब्ररी घेतली होती, तिच्या पोटात ही होती, आणि अर्जांतील मजकूर शोधण्यासाठी घेतलेल्या तिसरीच्या पोटात आणखी एक, निराळ्या आवृत्तीची. कोणत्या प्रणालीत कोणते सामान भरले आहे याची यादीच कोठे नव्हती. तहसील कचेरीत खुर्च्या-टेबले, पंखे आणि कुलपे यांचे जडवस्तु-नोंदपुस्तक असते, दरसाल त्याची पडताळणी होते, एक स्टूल कमी भरले तरी कैफियत द्यावी लागते. आणि ज्या यंत्रणेवर राज्यातले दाखले अवलंबून, तिच्यातले घटक कोणते हे पाहण्यासाठी आम्ही एकेक फाइल उलगडून आत डोकावत होतो.

शोधण्याहून दुरुस्ती अवघड ठरली. लायब्ररीच्या कर्त्यांनी सुधारलेली आवृत्ती लगेच काढली, मग तीत उणीव आढळली म्हणून दुसरी, मग तिसरी, आणि महिना संपण्यापूर्वी चौथी. एक बदल चढवायचा म्हणजे टिपणी, मंजुरी, डेटा सेंटरला पत्र आणि मग रात्रीचे जागरण, असा ज्यांचा शिरस्ता, त्यांना तीन आठवड्यांच्या आत चार वेळा तीच वाट चालावी लागली. पहिल्या दुरुस्तीच्या टिपणीवर अंतिम सही झाली त्या दिवशी तिसरी आवृत्ती बाजारात आलेली होती. आमची प्रणाली त्या महिन्यात कोणी फोडली नाही, ही दैवाची कृपा म्हणावी लागेल.

याच्या एक वर्ष आधी अमेरिकेत जे घडले होते त्याचा अर्थ मला तेव्हा कोठे नीट उमगला. सोलरविंड्स या कंपनीची ओरायन नावाची प्रणाली तेथील कित्येक सरकारी खात्यांत वापरात होती. घुसखोरांनी त्या खात्यांच्या दारांशी झटापट न करता, कंपनीच्या ज्या यंत्रावर कोडपासून तयार माल बनतो, त्या यंत्रात शिरून मालातच भेसळ केली. मग कंपनीने नेहमीप्रमाणे त्यावर आपली खरीखुरी डिजिटल मोहर उमटविली आणि सुमारे 18,000 ग्राहकांकडे तो माल रीतसर पोहोचला. 2020 च्या डिसेंबरात हे उघडकीस आले आणि 12 मे 2021 रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढला की, सरकारला प्रणाली विकणाऱ्याने ती कोणत्या रीतीने आणि कोणत्या घटकांपासून बनविली हे सांगितले पाहिजे. केवळ मोहर पाहून आत घेण्याचा काळ संपला होता. आपल्याकडे सर्ट-इनने 28 एप्रिल 2022 रोजी घुसखोरीची वर्दी सहा तासांत देण्याचा आणि लॉग 180 दिवस जपून ठेवण्याचा हुकूम काढला, आणि 2024 च्या ऑक्टोबरात घटकसूचीविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्या सूचनांच्या आधीच आम्ही आमच्या पुरती घटकसूची करू लागलो होतो, याचे श्रेय मात्र आमच्या दूरदृष्टीला नसून त्या डिसेंबरातल्या धास्तीला आहे.

त्या धास्तीतून आम्ही जी नवी रीत घातली, ती थोडक्यात अशी. सगळा कोड विभागाच्या ताब्यातील एका भांडारात राहील. कोणी काय बदलले, केव्हा आणि कोणत्या कारणासाठी, हे तेथे कायमचे नोंदले जाईल. एकाने केलेला बदल दुसऱ्याने वाचून संमती दिल्यावाचून मुख्य प्रतीत मिसळणार नाही. मिसळताच यंत्र आपोआप चाचण्या घेईल, घटकांची यादी करून ज्ञात दोषांशी ताडून पाहील, आणि सर्व ठीक असेल तरच तोच माल, तसाच, सर्व्हरवर चढवील. माणसाचा हात चालू सर्व्हरला लागणार नाही. कंपनीच्या तरुणांना यातले दुसऱ्याने वाचण्याचे कलम झोंबले. आमच्यावर विश्वास नाही काय, असा त्यांचा प्रश्न होता, आणि तो रास्त नव्हता असे मी म्हणणार नाही.

त्याचे उत्तर दिले ते आमच्या रावसाहेबांनी. हे गृहस्थ नायब तहसीलदार म्हणून निवृत्त होऊन नियमांचे जाणकार म्हणून कार्यक्रमात आले होते, आणि महसुलातल्या रिवाजाप्रमाणे निवृत्तीनंतरही सर्वांचे रावसाहेबच होते. संगणकातले त्यांना फारसे कळत नसे आणि कळते असा आवही ते आणीत नसत. बैठकीत पडद्यावर एका बदलाची नोंद दाखविली जात होती: डावीकडे जुना मजकूर, उजवीकडे नवा, खाली करणाऱ्याचे नाव आणि संमतीसाठी रिकामी जागा. ते बराच वेळ चष्मा वर-खाली करून पाहत राहिले आणि म्हणाले, “अहो, हा तर फेरफार आहे. तलाठ्याने नोंद धरायची, चावडीवर लावायची, ज्यांचा हितसंबंध आहे त्यांना नोटीस द्यायची, आणि सर्कलने येऊन तपासून प्रमाणित करायची. ज्यानं धरली त्यानंच प्रमाणित केली, तर ती नोंद टिकेल का? मग तलाठ्यावर अविश्वास आहे म्हणून सर्कल नेमलाय, असं कधी कोणी म्हणालंय का, बाळांनो?”

मी हे ऐकून थक्क झालो, कारण जे आम्ही परदेशी पुस्तकांतून शिकून कंपनीच्या गळी उतरवू पाहत होतो, ते 1966 च्या जमीन महसूल अधिनियमात कलम 150 म्हणून लिहिलेले होते, आणि गावोगावीच्या चावडीत ते त्याच्याही पूर्वीपासून आचरले जात होते. आमच्या कार्यक्रमात बिघाड झाला होता तो शासनाची जुनी शिस्त फार झाल्याने नव्हे. संगणक आल्याबरोबर ती शिस्त त्याच्या दाराशी जोड्यांसारखी काढून ठेवली गेली होती. कागदावरच्या सातबाऱ्यात एक अक्षर बदलायला जेथे दोन माणसांच्या सह्या लागत, तेथे त्याच सातबाऱ्याच्या आधारे दाखले देणारी प्रणाली एक जण रात्री एकटा बदलू शकत होता, आणि या गोष्टीला आम्ही आधुनिकता समजत होतो. त्या दिवसापासून तरुण मंडळी संमतीच्या विनंतीस ‘फेर’ म्हणू लागली. “सर, माझा फेर कालपासून पडलाय, जरा प्रमाणित करा ना,” असे बोलणे खोलीत रुळले.

तथापि ही तुलना फार ताणण्यात अर्थ नाही. फेरफाराला हरकतीसाठी मुदत द्यावी लागते आणि लॉग-फोर-जेसारख्या प्रसंगी मुदत कोणाजवळ असते? शिवाय महसुलातही सर्कलने गठ्ठाच्या गठ्ठा न वाचता प्रमाणित केल्याची उदाहरणे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना आमच्याकडे संमतीचे बटण डोळे मिटून दाबले जाऊ लागले याचे नवल वाटणार नाही. त्याला औषध एकच सापडले, ते म्हणजे फेर लहान ठेवणे. वीस ओळींचा बदल माणूस वाचतो; दोन हजार ओळींचा आला की तो बरे दिसते आहे असे लिहून मोकळा होतो.

पहिल्यांदा स्वयंचलित तपासणी सुरू केली तेव्हा यंत्राने इशाऱ्यांची एवढी रास ओतली की, कंपनीच्या व्यवस्थापकांनी ती तपासणी बंद ठेवावी असे लेखी सुचविले. आम्ही मध्यम मार्ग काढला. जुने दोष जसे आहेत तसे यादीत मांडून ठेवले, त्यांतले घातक तेवढे आधी घेतले, आणि नवा दोष मात्र एकही आत येऊ द्यायचा नाही असा नियम केला. जुनी थकबाकी मग हळूहळू उतरत गेली. हा मार्ग पुस्तकी दृष्टीने सदोष असेल, पण सर्व काही एकदम स्वच्छ करू म्हणणारे कार्यक्रम मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि त्यांपैकी बहुतेक सहा महिन्यांत पूर्ववत झाले.

खरी अडचण सहीची होती. यंत्राने चाचणी घेतली, यंत्राने माल चढविला. मग मंजुरी कोणाची? उद्या महालेखापालांच्या पथकाने विचारले तर दाखवायचे काय? हा प्रश्न विचारणाऱ्या उपसचिवांना काही जण कालबाह्य म्हणत. मला ते तसे वाटले नाहीत, कारण ज्याच्या नावावर जबाबदारी येते त्याने पुरावा मागणे हा त्याचा हक्क आहे. शेवटी एक परिपत्रक निघाले. सुरक्षाविषयक दुरुस्त्या आणि पडद्यावरचे किरकोळ बदल यांना, ठराविक कसोट्या पार केल्यास, सर्वसाधारण पूर्वमंजुरी. शुल्क, पात्रतेच्या अटी आणि दाखल्याचा नमुना यांत बदल असेल तर मात्र पूर्वीप्रमाणे नस्ती. प्रत्येक बदलाची यंत्राने केलेली नोंद हाच अभिलेख समजावा, असेही त्यात म्हटले होते. दीड पानाच्या त्या परिपत्रकाने जेवढे काम केले तेवढे आम्ही विकत घेतलेल्या कोणत्याही महागड्या साधनाने केले नाही.

त्यानंतरच्या जून महिन्यात, दहावी-बारावीचे निकाल लागून केंद्रांबाहेर रांगा लागल्या असताना, एका दाखल्यावर वडिलांचे नाव कापले जात असल्याची तक्रार आली. पूर्वी मेपासून ऑगस्टपर्यंत प्रणालीला हात लावायचा नाही असा दंडक होता, आणि आढळलेले दोष ऑगस्टपर्यंत तसेच भोगावे लागत. या खेपेस दुरुस्ती दुपारी झाली, दुसऱ्याने वाचली, आणि संध्याकाळी केंद्रे बंद होताच चढली. सकाळच्या गर्दीच्या वेळी आम्ही अजूनही काही चढवीत नाही. यंत्रावर माझा विश्वास आहे, पण उन्हात उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांच्या जिवावर त्याची परीक्षा पाहण्याइतका नाही.

आणि हे सर्व करूनही जेथे आमचा उपाय चालला नाही, ती जागा सांगितली पाहिजे. दाखल्यावर डिजिटल सही उमटते ती अधिकाऱ्याच्या डोंगलने. कायद्याने तो डोंगल त्याच्याच ताब्यात हवा. एका तहसील कचेरीत मी गेलो असता तो ऑपरेटरच्या संगणकाला लावलेला होता, पिन मॉनिटरच्या कडेला चिकटविलेल्या चिठ्ठीवर होता, आणि साहेब दौऱ्यावर होते. ऑपरेटर बिचारा म्हणाला, “साहेब, दिवसाला एवढे दाखले, आमच्या साहेबांनी प्रत्येकाला पिन टाकत बसायचं म्हटलं तर पंचनामे कोण करणार?” त्याचे म्हणणे खोटे नव्हते. कोडपासून सर्व्हरपर्यंतची स्वयंचलित वाट, जिला पाइपलाइन म्हणतात, आम्ही चोख केली, पण तिच्या शेवटच्या टोकाला मनुष्यबळाची टंचाई बसलेली आहे आणि ती कोणत्याही पाइपलाइनने दूर होत नाही.

आता पुढच्या पाच वर्षांसाठी नव्या निविदा निघतील. त्यांचे मसुदे करणाऱ्या कक्ष अधिकाऱ्यांना माझी एक विनंती आहे. सुरक्षिततेचे प्रकरण मसुद्यात असतेच, आणि ते बहुधा जुन्या निविदेतून जसेच्या तसे उतरविलेले असते. त्यावर वेळ खर्च करू नका. हप्त्यांच्या परिशिष्टात मात्र दोन कलमे घाला: कोड पहिल्या दिवसापासून शासनाच्या भांडारात जमा झाला पाहिजे, आणि प्रत्येक आवृत्तीबरोबर तिची घटकसूची आली पाहिजे, यांपैकी एक जरी नसेल तर त्या तिमाहीचे देयक मंजूर होणार नाही. कंत्राटदार निविदेतले दुसरे काही वाचो न वाचो, देयकाचे परिशिष्ट तो वाचतोच.